क्लाउडवर टाकलंय म्हणजे बॅकअप झाला का? छोट्या धंद्यासाठी सुरुवातीपासून सगळं

पुण्याजवळ भोसरीत एका टूलरूमचं (डाय-साचे बनवणाऱ्या कारखान्याचं) ऑफिस मी सांभाळते, म्हणजे टॅली, पगार, कोटेशन, जीएसटी आणि "मॅडम प्रिंटर चालत नाहीये" हे सगळं माझ्याकडे. आयटीचं शिक्षण काही नाही. पण कंपनीचा बॅकअप लावायचं काम फिरत फिरत माझ्याच गळ्यात पडलं, आणि तेव्हा ज्या ज्या वेंडरशी, एएमसीवाल्याशी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट घेणाऱ्याशी) बोलले त्यातले बरेच जण क्लाउड स्टोरेज आणि बॅकअप हे एकच असल्यासारखं बोलत होते. "क्लाउडवर टाकून देतो मॅडम, टेन्शन नाही." टेन्शन तिथूनच सुरू होतं.

हे लिहिलंय ते पाच-दहा ते चाळीस-पन्नास माणसांच्या ऑफिससाठी. सीए ऑफिस, आर्किटेक्ट, प्रेस शॉप, फोटोग्राफर, छोटा ट्रेडर, कुणीही. क्रम मात्र मोडू नका, कारण बहुतेक लोक डायरेक्ट हार्डडिस्क विकत घेण्यापासून सुरुवात करतात आणि ती डिस्क सहा महिन्यांनी ड्रॉवरमध्ये सापडते.

१. आधी फरक पक्का करा

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं काम काय, तर तुमची फाईल सगळीकडे सारखी ठेवायची, यालाच सिंक म्हणतात. ऑफिसच्या पीसीवर बदललीत की मोबाईलवर बदलली, साइटवरच्या पोराच्या लॅपटॉपवर बदलली. फार सोयीचं आहे, आम्ही पण वापरतो, सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण हेच उलटं लावून बघा. कुणी चुकून फोल्डर उडवला की तो सगळीकडून उडाला. रॅन्समवेअरने (फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने) फायली लॉक केल्या की त्या लॉक झालेल्याच फायली इमानेइतबारे वर चढतात आणि चांगल्या फायलींच्या जागी जाऊन बसतात. आरसा आहे तो, समोर जे उभं राहील ते दाखवणार.

बॅकअप म्हणजे ठरलेल्या वेळी काढून बाजूला ठेवलेली जुनी प्रत. कालची, गेल्या शुक्रवारची, मार्च एंडची. आणि महत्त्वाचं म्हणजे रोजच्या कामात तिला कुणाचा हात लागत नाही, म्हणजे आज इथे जी काही गडबड होईल ती तिथपर्यंत पोचत नाही.

यावर लगेच येणारा प्रश्न: "पण ट्रॅशमध्ये असतं ना? जुन्या व्हर्जन पण मिळतात." मिळतात, पण मुदत बघा. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. कंपनीचं पेड गूगल वर्कस्पेस असेल तर ट्रॅश रिकामा झाल्यावर पुढे २५ दिवस ॲडमिन परत आणू शकतो, मग संपलं. वर्ड, एक्सेल, पीडीएफ, ड्रॉइंग अशा फायलींच्या जुन्या व्हर्जन साधारण ३० दिवस किंवा १०० व्हर्जन इतक्याच धरून चाला. पर्सनल वनड्राइव्हचा रिसायकल बिन ३० दिवस, बिझनेसवाल्याचा ९३ दिवस. आता विचार करा, एप्रिलमध्ये कुणीतरी जुन्या वर्षाचा एक फोल्डर उडवला आणि सीएने तो सप्टेंबरमध्ये ऑडिटला मागितला. कुठून आणणार?

हे फक्त आपल्यासारख्या छोट्यांचंच होतं असं समजू नका. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीची आग लागली. तिथे सरकारी नोकरांसाठी जी-ड्राइव्ह नावाचं क्लाउड स्टोरेज होतं, कामाच्या फायली पीसीवर न ठेवता तिथेच ठेवायच्या अशी पद्धत. ८५८ टेराबाइट डेटा गेला, आणि बाहेर बॅकअप नव्हता, कारण म्हणे डेटा फार मोठा होता. उलटं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. मे २०२४ मध्ये युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं मोठं सेटअप गूगलच्याच बाजूच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे डिलीट झालं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या त्या दोन्हीसकट. पण त्यांनी दुसऱ्या कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता, त्याचा मोठा आधार झाला आणि ते परत उभे राहिले. म्हणजे क्लाउड कंपनी कितीही मोठी असो, आपला वेगळा बॅकअप लागतोच. मायक्रोसॉफ्ट तर त्यांच्या सर्व्हिस ॲग्रीमेंटमध्ये स्वतःच सांगते की तुमच्या डेटाचा तुम्ही नियमित बॅकअप घेत जा. ते कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

२. डेटा कुठे कुठे आहे त्याची यादी करा

कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच आहे. एक वही घ्या, प्रत्येक टेबलावर जा आणि विचारा, "तुझा पीसी आज बंद पडला तर काय अडेल?" "तुझा डेटा कुठे आहे" असं विचारलं की सगळे "सर्व्हरवर" म्हणून मोकळे होतात.

टॅली, ड्रॉइंग, पगार हे सगळ्यांना आठवतं. न आठवणाऱ्या गोष्टी सांगते:

आउटलुकचं ईमेल. जुन्या पद्धतीने सेट केलं असेल तर मेल सर्व्हरवरून उतरून त्या एकाच पीसीच्या पीएसटी फायलीत साचत जातात, मग वेबवर लॉगिन केलं की काहीच दिसत नाही. परचेसवाल्याची दहा वर्षांची पत्रापत्री एका फायलीत, आणि ती फाईल डी ड्राइव्हच्या कुठल्यातरी कोपऱ्यात.

सीएनसी मशीन. हे शॉपवाल्यांनी नीट वाचा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम आणि पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी उतरली की प्रोग्रॅम तर जातातच, पॅरामीटरही जातात आणि मग सर्व्हिस इंजिनियर येईपर्यंत मशीन उभी. कार्डवर किंवा यूएसबीवर ते काढून ठेवणं हे सुद्धा डेटा बॅकअपमध्येच येतं, पण ऑफिसला वाटतं शॉप बघेल आणि शॉपला वाटतं ऑफिस बघेल.

व्हॉट्सॲप. कस्टमरने "ओके, पुढे जा" असं जिथे लिहिलंय ते तिथेच असतं. अँड्रॉइडचा व्हॉट्सॲप बॅकअप आता गूगल खात्याच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, जीमेल आणि फोटोसुद्धा त्याच १५ मध्ये, त्यामुळे जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. महत्त्वाचं अप्रूव्हल एक्सपोर्ट करून कामाच्या फोल्डरमध्ये टाकायची सवय लावा.

आणि पर्सनल जीमेल. कंपनीचा ड्राइव्ह डिझाइनच्या पोराच्या स्वतःच्या जीमेलवर असतो, तो नोकरी सोडून हिंजवडीला जातो, आणि त्याने घरी बसून स्वतःचं अकाउंट साफ केलं की तुमचा शेअर केलेला फोल्डर गेला. त्याने मुद्दाम केलं असंही नसतं. आमच्या ओळखीतल्या एका डिझाइन स्टुडिओत नेमकं हेच झालं होतं, फायली शेवटी क्लायंटकडूनच परत मागवल्या.

३. मालकाला दोन प्रश्न विचारा

पहिला: किती वेळचं काम परत करावं लागलं तर चालेल? म्हणजे सकाळपासून मारलेल्या एंट्र्या गेल्या तर परत माराव्या लागतील, ते चालेल का? बहुतेक ठिकाणी एक दिवस चालतो. मग रात्रीचा एक बॅकअप पुरे. ज्यांच्याकडे दिवसाला शेकडो बिलं फाटतात त्यांनी दुपारचाही ठेवा.

दुसरा: सगळं बंद पडलं तर किती वेळ थांबता येईल? मालक म्हणणार "एक तास पण नाही". मग सांगा की एका तासात परत चालू व्हायचं असेल तर तयार दुसरी मशीन लागेल, तिचा खर्च एवढा. आकडा ऐकल्यावर उद्या सकाळपर्यंत चालतं असं ठरतं. हे दोन आकडे लिहून घ्या, पुढचे सगळे निर्णय यावरून होणार आहेत.

४. कायद्याचं थोडक्यात

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशोबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक ठेवल्यावर त्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवायला लागतो. आधी नियमात ठराविक काळाने असं होतं, ऑगस्ट २०२२ च्या बदलाने रोज झालं. कंपनी कायद्यात पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपायची, जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. प्रोप्रायटर आणि पार्टनरशिपला कंपनी कायद्याचा नियम लागत नाही पण जीएसटीचा लागतो. तुमच्या सीएला विचारून घ्या, आणि विचारताना सर्व्हर कुठे आहे हे पण सांगा.

म्हणजे बघा, ३० दिवसांचा ट्रॅश आणि ७२ महिने. यांचा मेळ कसा बसणार.

५. काय काय लागेल

सामान:
– दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क. एक नाही, दोन. तुमच्या एकूण डेटाच्या किमान दुप्पट-तिप्पट जागेच्या, कारण जुन्या प्रती पण राहायच्या आहेत. अप्पा बळवंत चौकाजवळच्या तपकीर गल्लीतून घ्या नाहीतर ऑनलाइन, पण बिल आणि वॉरंटी घ्या, "इम्पोर्टेड, बिल नाही" वाली नको.
– बॅकअप ज्या पीसीवर चालणार त्याला यूपीएस.
– सॉफ्टवेअर. विंडोज पीसीसाठी वीम एजंटची फ्री एडिशन चांगली आहे, तिच्यात बॅकअप झाल्यावर डिस्क आपोआप इजेक्ट करायची सोय आहे, ती चालू करा. डुप्लिकाटी पण फुकट आहे आणि क्लाउडवर बॅकअप टाकायला बरं पडतं.
– दहा-पंधरा माणसांच्या वर असाल तर नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला सगळ्यांचा मिळून एक डिस्कचा डबा. पण तो घेतला म्हणजे बॅकअप झाला असं नाही, त्याबद्दल खाली.

कागद आणि लॉगिन, हे क्लाउड खातं उघडायच्या आधी जमवून ठेवा:
– जीएसटी नंबर आणि सर्टिफिकेटवर आहे तसंच कंपनीचं नाव, नाहीतर इनपुट क्रेडिटला त्रास.
– डोमेनचं (कंपनीच्या वेबसाइटच्या आणि ईमेलच्या नावाचं) लॉगिन. डोमेन तुमचं आहे हे सिद्ध करायला तिथे एक रेकॉर्ड टाकावा लागतो. इथे अर्ध्या लोकांना कळतं की डोमेन वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर आहे. आधी ते सोडवा.
– कंपनीचा मोबाईल नंबर, ज्याचं सिम ऑफिसमध्ये राहतं. ओटीपी कुणाच्या पर्सनल नंबरवर नको.
– रिकव्हरी कोड प्रिंट करून ठेवायला एक पाकीट. हसू नका, कागदच कामाला येतो.

६. क्लाउड स्टोरेज नीट लावा

पेड बिझनेस प्लॅन घ्या, फायली कंपनीच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा म्हणजे माणूस गेला तरी फायली राहतात. माणूस सोडून गेल्यावर त्याचं अकाउंट लगेच डिलीट करू नका, आधी फायली दुसऱ्याच्या नावावर करा. वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला युजर परत आणायला २० दिवसच मिळतात. टू स्टेप लॉगिन सगळ्यांना सक्तीचं. बास, एवढं पुरे.

एक सापळा मात्र इथे. विंडोजमध्ये वनड्राइव्ह विचारतं, "तुमच्या फोल्डरांचा बॅकअप घेऊ का?" हो म्हटलंत की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हशी सिंक होतात. बटणावर बॅकअप लिहिलंय, आत सिंकच आहे. हे ज्यांना माहीत नाही ते "आमचा बॅकअप रोज होतो" असं छातीठोक सांगतात.

दुसरा सापळा टॅलीवाल्यांसाठी. टॅलीचा डेटा फोल्डर उचलून सरळ ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. त्या एका कंपनीच्या नंबरवाल्या फोल्डरमध्ये खूप फायली असतात आणि एंट्री मारली की त्यातल्या कितीतरी एकदम बदलतात, सिंकवालं सॉफ्टवेअर मधेच काही उचलतं काही राहतात, दोन पीसीवरून उघडलं तर विचारूच नका. डेटा करप्ट व्हायचा सोपा मार्ग आहे हा. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबा, डेटाच्या मेनूत बॅकअप आहे, तो घ्या आणि ती बॅकअपची फाईल पाहिजे तिथे चढवा.

७. ऑफिसातला बॅकअप

इथे जरा वेळ द्या.

एक पीसी किंवा नॅस ठरवा जिथे सगळ्यांचा कामाचा डेटा येईल, आणि तिथून रोज रात्री एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप जाईल. सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी बघून घ्या. एक, जुन्या प्रती किती ठेवणार. मी सांगेन रोजच्या १४, महिन्याच्या १२ आणि दरवर्षीची मार्च एंडची एक, ती वेगळी काढून ठेवायची. फक्त शेवटचीच प्रत ठेवणारा बॅकअप असेल तर बिघडलेली फाईल उद्या रात्री चांगल्या फाईलवर बसणार आणि तुम्हाला कळणार पुढच्या आठवड्यात. दोन, एन्क्रिप्शन. डिस्क रिक्षात राहिली तर सगळ्यांचे पगार आणि पॅन नंबर गावभर. पासवर्ड लावा, आणि तो पासवर्ड त्याच पीसीवरच्या एक्सेलमध्ये ठेवू नका, कारण पीसी गेला की पासवर्ड पण गेला. मघाच्या पाकिटात ठेवा.

ज्यांना कुणी रोबोकॉपीची (विंडोजमधली फायली कॉपी करायची कमांड) बॅच फाईल करून दिलीये त्यांनी ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. त्यात मिररचा ऑप्शन असेल तर मूळ जागी डिलीट झालेली फाईल डिस्कवरूनही डिलीट होते. म्हणजे घरच्या घरी बनवलेलं सिंकच ते.

ईआरपी (ऑर्डर, स्टॉक, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालत असेल तर चालू डेटाबेसची फाईल नुसती कॉपी करून भागत नाही, ती लॉक असते. एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअप काढायला लागतो. आणि फुकटच्या एक्सप्रेस एडिशनमध्ये तो ठरलेल्या वेळी चालवणारा एजंट नसतो, विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून चालवावा लागतो. ईआरपीवाल्याला स्पष्ट विचारा, "रात्रीचा बॅकअप कोण चालवतं आणि फाईल कुठे पडते?" तो "सॉफ्टवेअरमध्ये इनबिल्ट आहे" म्हणाला तर म्हणा दाखवा.

ड्राइव्हचा फोल्डर हार्डडिस्कवर ओढून कॉपी करणारे पण खूप आहेत. गूगल डॉक्स आणि शीट्स पीसीवर दिसतात ती फाईल म्हणजे नुसती लिंक असते, एक-दोन केबीची, आत मजकूर नसतो. डिस्कवर पाचशे फायली दिसतील आणि इंटरनेट किंवा खातं गेलं की एकही उघडणार नाही. त्यांचा बॅकअप एक्सपोर्ट करून नाहीतर वर्कस्पेसचा बॅकअप घेणाऱ्या वेगळ्या सर्व्हिसनेच घ्यायचा. वनड्राइव्हमध्ये फायलीपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाईल पण पीसीवर नाहीये, आधी डाउनलोड करून ठेवा.

आता नॅस. त्यात दोन डिस्क असतात, एक मेली तर दुसरीवर चालू राहतं, ते बरोबर आहे. पण फाईल डिलीट केली तर दोन्हीवरून जाते. म्हणून नॅसचाही बॅकअप बाहेर लागतो. आणि घरून बघता यावा म्हणून कुणी तो सरळ इंटरनेटला उघडा करून देतो म्हणाला तर नको म्हणा. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरनी असेच उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस हजारोंनी लॉक केले होते.

दोन डिस्कांचं काय करायचं? एक लावलेली, एक बाहेर. आठवड्याला अदलाबदल. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते म्हणून बुधवारी संध्याकाळी बदलतो, आणि हो, गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात नव्याने सांगायला नको, तर बॅकअप गुरुवारी सकाळचा लावू नका आणि शुक्रवारी आल्यावर पीसी चालू आहे का ते बघा. हे फार साधं वाटतं, पण लाईट गेल्यावर बंद झालेला पीसी आठवडाभर कुणी चालू केला नाही असं होतं.

८. बाहेरची प्रत

तीन-दोन-एक असा एक जुना नियम आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी तो लोकांपर्यंत पोचवला. बाहेरची का, हे पुण्यात वेगळं समजवायला लागू नये. पानशेतचा पूर जुना झाला म्हणा, पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तळमजल्यावरचं ऑफिस, खालच्या कप्प्यात पीसी, शेजारी बॅकअपची डिस्क. दोन्ही एकदमच पाण्यात. डिस्क मालकांच्या घरी नेत असाल तर घर आणि ऑफिस एकाच ओढ्याकाठी तर नाही ना ते बघा.

डिस्क नेण्याऐवजी किंवा त्याबरोबरच बाहेरची प्रत क्लाउडवर पण ठेवता येते. म्हणजे क्लाउडवर बॅकअप असू शकतोच, फक्त तो सिंक फोल्डर नसतो. त्यासाठी ॲमेझॉन एस३, ॲझ्युअर ब्लॉब, बॅकब्लेझ, वसाबी अशा साठवणुकीच्या सेवा असतात, आणि बॅकअप सॉफ्टवेअर तिथे स्वतःच्या लॉगिनने प्रती टाकतं.

घेताना हे बघा:

जागा भारतातली निवडा. ॲमेझॉनला मुंबई आणि हैदराबाद आहे. ॲझ्युअरच्या यादीत सेंट्रल इंडिया दिसेल, ते म्हणजे आपलं पुणेच. त्यात वाईट काही नाही, पण ऑफिस पुण्यात, डिस्क पुण्यात आणि क्लाउडही पुण्यात असं नको वाटत असेल तर दुसरं शहर घ्या.

ऑब्जेक्ट लॉक चालू करा. याने ठरवलेल्या दिवसांपर्यंत ती प्रत कुणालाच डिलीट करता येत नाही, कडक मोडमध्ये तर ॲडमिनलाही नाही. हॅकर आत आला की आधी बॅकअप शोधून उडवतो, म्हणून हे. सुरुवातीला दिवस कमी ठेवा, नाहीतर चुकून टाकलेल्या नको त्या डेटाचंही भाडं भरत बसाल.

बिलाच्या खालची ओळ वाचा. ठेवायचा दर सगळे मोठ्या अक्षरात सांगतात, परत काढायचा दर बारीक अक्षरात असतो. वसाबी साध्या प्लॅनमध्ये किमान ९० दिवसांचे पैसे घेते, आधी डिलीट केलं तरी. ॲमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह फार स्वस्त दिसतं पण त्यातून डेटा बाहेर यायलाच साधारण १२ तास लागतात आणि किमान १८० दिवसांचं बिल लागतं. आठ वर्षांच्या जुन्या पुस्तकांना ठीक, रोजच्या टॅलीला नाही.

इंटरनेटचं गणित आधी करा. ५०० जीबी डेटा आणि २० एमबीपीएस अपलोड असेल तर पहिला बॅकअप सलग ५५ तासांच्या वर चालेल. १०० एमबीपीएस असेल तर ११-१२ तास. अपलोड म्हणतेय मी, डाउनलोड नाही, ब्रॉडबँडवाला सांगतो तो आकडा बरेचदा डाउनलोडचा असतो. पहिला बॅकअप जोडून सुट्टी आली की लावा, नंतर रोज फक्त बदललेलंच जातं.

आणि या खात्याचा पासवर्ड रोजच्या कामाच्या खात्याचा नको. वेगळा ईमेल, वेगळा पासवर्ड, माहीत असणारी माणसं दोन. एकच नको, तो गावाला गेला तर?

९. परत आणून बघा

बॅकअप "सक्सेस" दाखवतो म्हणजे फक्त काहीतरी कॉपी झालं एवढंच कळतं. काय कॉपी झालं ते उघडल्याशिवाय कळत नाही.

तीन महिन्यातून एकदा, तारीख कॅलेंडरवर लिहून: टॅलीची एक कंपनी वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. वेगळ्याच फोल्डरमध्ये, चालू डेटावर रिस्टोअर मारलंत तर आजच्या एंट्र्या गेल्या. ट्रायल बॅलन्स काढून त्या तारखेच्या जुन्या प्रिंटशी जुळवा. मग एक मोठी असेंब्ली ड्रॉइंग उघडा, सगळे पार्ट सापडतात का बघा, कारण असेंब्लीची फाईल आली आणि पार्टचा फोल्डर बॅकअपच्या यादीतच नव्हता असं होतं. मग वर्षभरापूर्वीची एक कुठलीही फाईल मागा. घड्याळ लावा आणि लागलेला वेळ तिसऱ्या पायरीतल्या दुसऱ्या आकड्याशेजारी लिहा. जुळत नसेल तर मालकाला दाखवा.

हे काम नेहमी करणाऱ्यानेच करू नये. कसं करायचं ते कागदावर लिहून तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि करायला सांगा, मग कळतं की कागदावर काय लिहायचं राहिलंय.

१०. वेंडरला विचारायचे प्रश्न

हे सरळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवा:

– आमच्याकडे फाईल डिलीट झाली तर तुमच्याकडची प्रत पण डिलीट होते का? किती दिवसांनी?
– सहा महिन्यांपूर्वीची फाईल मागितली तर मिळेल का?
– सर्व्हर कुठल्या शहरात आहे, आणि ते इन्व्हॉइसवर किंवा ॲग्रीमेंटमध्ये लिहून द्याल का?
– खातं कुणाच्या ईमेलवर आहे? आमच्या हवं, तुमच्या नाही.
– एएमसी बंद केली तर डेटा कुठल्या स्वरूपात मिळणार, किती दिवसांत?
– बॅकअप फेल झाला तर कळवणार कोण, आणि कुणाला?
– आमच्यासमोर एकदा रिस्टोअर करून दाखवाल का?

शेवटच्या प्रश्नाला जो आढेवेढे घेतो त्याला सोडा. चांगला वेंडर उलट खूश होतो, असं विचारणारे कमीच भेटतात म्हणून.

११. खरंच काही झालं तर

हे पान प्रिंट काढून ठेवा, कारण तेव्हा पीसी चालू नसणार.

फायलींची नावं विचित्र झाली, पैसे मागणारी नोट दिसली, की त्या मशीनची लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. बाकीच्या पीसींचंही नेटवर्क तोडा. क्लाउडचं सिंक दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाईलवरून थांबवा. आणि सगळ्यात मोठा मोह आवरा: बॅकअपची डिस्क लगेच आणून त्या मशीनला लावू नका. घाबरून हेच केलं जातं आणि चांगली डिस्क पण लॉक होते.

स्क्रीनचे फोटो काढा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून कंपन्यांनी ६ तासांत कळवायची आहे, तो ईमेल कोण करणार ते आजच ठरवून ठेवा. नो मोअर रॅन्सम ही युरोपोल आणि इतरांनी मिळून चालवलेली वेबसाइट आहे, तिथे काही रॅन्समवेअरच्या चाव्या फुकट मिळतात, तुमचा प्रकार त्यात असेलच असं नाही, पण बघायला पैसे लागत नाहीत. म्हणून लॉक झालेल्या फायली लगेच पुसूनही टाकू नका, एका जुन्या डिस्कवर वेगळ्या ठेवा.

मग नवीन किंवा पूर्ण फॉरमॅट केलेल्या मशीनवर विंडोज टाका, सगळे पासवर्ड बदला आणि त्यानंतरच बॅकअप जोडा. कुठल्या तारखेची प्रत घ्यायची हे नीट ठरवा, कारण व्हायरस बरेचदा आधीच येऊन बसलेला असतो, कालची प्रत त्याच्यासकट असू शकते. दोन-तीन तारखांच्या प्रती अँटीव्हायरसने तपासून मग ठरवा. आधी टॅली आणि चालू ऑर्डरची ड्रॉइंग आणा, बाकी सावकाश. काम सुरू झालं की नवीन बॅकअप नवीन डिस्कवर सुरू करा, जुनी डिस्क निदान एक जीएसटीचं वर्ष बंद होईपर्यंत तशीच बाजूला ठेवा, तिच्यावर "लिहू नये" अशी चिठ्ठी चिकटवून.